माहूरचा गिरिदुर्ग आणि श्रीदत्तात्रेय प्रभूंचे स्थान

विषयप्रवेश

परमेश्वराच्या असन्निधानी साधकाला जी साधने सांगितली आहेत, त्यांत स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक या चतुष्टयाचे महत्त्व पंथीयांस विदित आहेच. यांतील स्थान हे साधन भूमीवर अधिष्ठित आहे. भूमी म्हटली की तिच्यावर राजसत्ता येते, तट-बुरूज येतात, लढाया येतात. ज्या डोंगरावर अवतारांचा संबंध घडला, त्याच डोंगरावर पुढे राजांनी दुर्ग बांधला, असे काही ठिकाणी झाले आहे. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे याचे ठळक उदाहरण होय.

माहूरला येणाऱ्या यात्रेकरूच्या मनात किल्ला आणि स्थान यांची पुष्कळदा गल्लत होते. किल्ला प्राचीन आहे म्हणून स्थान प्राचीन, अथवा स्थान थोर आहे म्हणून किल्लाही अवतारकाळचा, असे दोन्ही बाजूंनी बोलले जाते. असे बोलणाऱ्यांची श्रद्धा निर्मळ असते, परंतु विचार मात्र सैल राहतो. किल्ल्याचा इतिहास एका रीतीने सिद्ध होतो, स्थानाचे महिमान दुसऱ्या रीतीने. या दोन रीती वेगळ्या ठेवल्या तर दोहोंचाही मान राहतो. म्हणून प्रथम या दुर्गाचा परिसर व इतिहास पाहून नंतर पंथीय परंपरेतील माहूरचा विचार करणे उचित होईल.

परिसर आणि मार्ग

नांदेड शहराजवळ गोदावरीच्या दक्षिण तीरावर विष्णुपुरी आहे. तेथील काळेश्वराचे मंदिर आणि अलीकडच्या काळात झालेला उपसा सिंचन प्रकल्प यांमुळे हे गाव सर्वांच्या परिचयाचे आहे. विष्णुपुरीच्या काठी जी गोदावरी वाहते, ती वरच्या अंगाला बीड जिल्ह्यातील पांचाळेश्वरावरून आलेली असते. पांचाळेश्वर हे श्रीदत्तात्रेय प्रभूंचे भोजनस्थान, तर माहूर हे निद्रास्थान. एक गोदावरीच्या काठी, दुसरे पैनगंगेच्या वळणात. या दोन स्थानांच्या मधल्या मुलखात नांदेड व विष्णुपुरी ही गावे वसली आहेत, आणि गोदाकाठचा यात्रेकरू माहूरला जाताना येथूनच उत्तरेकडे वळतो.

नांदेडहून हदगाव, उमरखेड, महागाव या मार्गाने निघाले असता पैनगंगा दोनदा ओलांडावी लागते. हदगाव सोडल्यावर नदी उतरून यात्रेकरू यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडास जातो आणि पुढे धनोड्याजवळ तीच नदी पुन्हा उतरून माहूरच्या बाजूस येतो. एकाच प्रवासात एकच नदी दोन वेळा आडवी येते, याचे कारण तिचे मोठे वळण. माहूरच्या डोंगराळ प्रदेशास पैनगंगेने तीन बाजूंनी वेढा घातला आहे. सागाचे दाट अरण्य, खोल दऱ्या, आणि तीन अंगांनी नदी, असे हे स्थळ आहे. हे वळण नकाशावर नीट पाहिले म्हणजे राजांना हा डोंगर का हवा होता, याचा उलगडा निम्म्याहून अधिक होतो.

येथे नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पंथीय वाङ्मयात माहूरच्या पर्वतास सह्याद्री म्हटले आहे. रवळोबासांच्या ज्या काव्याची गणना साती ग्रंथांत होते, त्या सह्याद्रिवर्णनातील सह्याद्री हाच. आजच्या भूगोलात मात्र सह्याद्री म्हणजे पश्चिम घाट, आणि माहूरचे डोंगर त्याहून फार पूर्वेस आहेत. शाळेत भूगोल शिकलेला तरुण वासनिक येथे गोंधळतो आणि पूर्वजांना दिशांचे ज्ञान नव्हते की काय, अशी शंका घेतो. शंकेचे कारण नाही. पर्वतांची नावे काळानुसार विस्तारतात व आकुंचित होतात. ग्रंथातील नाव ग्रंथाच्या अर्थाने घ्यावे, नकाशातील नाव नकाशाच्या अर्थाने.

दुर्गलक्षण

राजधर्माच्या ग्रंथांत दुर्गांचे प्रकार सांगितले आहेत. मनुस्मृतीत सहा प्रकार येतात आणि त्यांत गिरिदुर्ग श्रेष्ठ मानला आहे. कौटिल्याने जलदुर्ग, पर्वतदुर्ग, मरुदुर्ग आणि वनदुर्ग असे चार प्रकार मानले. नांदेड जिल्ह्यातच पाहिले तर नांदेडचा किल्ला गोदावरीच्या काठी आहे, कंधारचा किल्ला भुईकोट असून त्याभोवती खंदक आहे, आणि माहूरचा किल्ला डोंगरावर आहे. माहूरचे वैशिष्ट्य असे की तेथे पर्वत, जल आणि वन ही तिन्ही बळे एकत्र आली आहेत. डोंगराची उंची, पैनगंगेचा वेढा आणि भोवतालचे अरण्य यांमुळे शत्रूला मोठी फौज, तोफा व रसद घेऊन वर येणे कठीण जाई.

हा दुर्ग लगतच्या दोन डोंगरांवर पसरला असून तटाने दोहोंस कवेत घेतले आहे. मुख्य दरवाजे दोन, एक उत्तरेस व एक दक्षिणेस. उत्तरेकडील दरवाजा हत्ती दरवाजा या नावाने ओळखला जातो. आत राजवाडा, मशीद, धान्याचे कोठार व शस्त्रागार यांचे अवशेष आहेत. मध्यभागी मोठा तलाव असून त्यास इंजाळा तलाव म्हणतात. पाहणाऱ्याचे लक्ष बहुधा तटाकडे व दरवाजाकडे जाते. परंतु डोंगरी किल्ल्याचा प्राण पाण्यात असतो. उंचावर नदी चढत नाही, विहिरीस खडक आडवा येतो. म्हणून पावसाचे पाणी उतारावरून एकत्र आणून साठविणे हाच उपाय उरतो. मराठी राज्याच्या आज्ञापत्रातही, जेथे पाणी नाही तेथे किल्ला बांधू नये, हा विचार आग्रहाने मांडला आहे. कोठारात धान्य आणि तळ्यात पाणी असेल तोवर दुर्ग झुंजतो. ही दोन सरली की तट कितीही उंच असला तरी दरवाजा आतूनच उघडावा लागतो.

राजवंशांचा अनुक्रम

दुर्ग प्रथम गोंड राजांनी बांधला, अशी परंपरा आहे. रामगड असेही त्याचे एक नाव प्रचलित आहे. माहूरच्या डोंगरात कोरीव लेणीही असून ती लोकांत पांडवलेणी म्हणून ओळखली जातात. यावरून या डोंगरावर मनुष्याचा वावर किल्ल्याच्या ज्ञात इतिहासाच्या पुष्कळ आधीपासून होता हे स्पष्ट होते.

बाराव्या व तेराव्या शतकांत हा सर्व प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या प्रभावाखाली होता. रेणुकादेवीचे मंदिर यादव राजाने बांधले असे परंपरेने सांगतात. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि इ. स. १३१८ मध्ये हरपालदेवाच्या अंताबरोबर यादवांचे राज्य संपले. इ. स. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. तरीही माहूरचे जमीनदार सहजासहजी नमले नाहीत. अहमदशाह बहमनीला इ. स. १४२५ च्या सुमारास स्वतः फौज घेऊन माहूरवर यावे लागले.

पुढे महमूद गावान याने बहमनी राज्याच्या चार प्रांतांचे आठ केले, तेव्हा वऱ्हाडाचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. एका मोठ्या प्रांताला माहूरचे नाव मिळाले, ही या दुर्गाच्या राजकीय महत्त्वाची परिसीमा म्हणता येईल. बहमनी सत्ता मोडल्यावर सोळाव्या शतकात माहूर वऱ्हाडच्या इमादशाहीत आले. इ. स. १५७४ मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकले, आणि इ. स. १५९६ मध्ये ते मोगलांकडे गेले. आईन-इ-अकबरीत माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले आहे.

मोगल काळात माहूरच्या देशमुख घराण्यातील उदाराम हा मोठा सरदार होता. शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढील शाहजहान, याने बापाविरुद्ध बंड केले, तेव्हा इ. स. १६२३ मध्ये गोवळकोंड्याकडे जाताना त्याने आपले हत्ती व जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामाच्या हवाली ठेवले. याच घराण्यातील सावित्रीबाई रायबागन या नावाने प्रसिद्ध आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, तेव्हा ती त्या फौजेत होती. खानाला शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच दिला, असे परमानंदाच्या शिवभारतात वर्णन आहे.

इ. स. १७२४ पासून हा मुलूख निजामाच्या सत्तेखाली आला. इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराकडे गेले आणि पैनगंगा ही दोन कारभारांमधील सीमा ठरली. जो दुर्ग एके काळी वऱ्हाडच्या अर्ध्या भागाचे केंद्र होता, तो आता निजामी राज्याच्या उत्तर कडेवर पडला. त्याचे लष्करी प्रयोजन संपले. इ. स. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. माहूरचा भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता, इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि इ. स. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला.

गोंड, यादव, बहमनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, आसफजाही, असा हा क्रम आहे. प्रत्येकाने दुर्गावर आपला अधिकार मानला. परंतु तटाचा पहिला दगड कोणी बसविला, त्याचे नाव मात्र परंपरेच्या एका वाक्यापलीकडे उरलेले नाही.

पंथीय परंपरेतील माहूर

आता स्थानाचा विचार करू. पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेय प्रभूंचे माहूर हे शयनस्थान होय. कोल्हापुरी भिक्षा, पांचाळेश्वरी भोजन, माहुरी निद्रा, असा प्रभूंचा नित्यक्रम परंपरेत सांगितला जातो. देवदेवेश्वराचे मंदिर हे त्या निद्रास्थानाचे दर्शक आहे. पंथात श्रीदत्तात्रेय प्रभू एकमुखी मानले जातात आणि त्यांचा अवतार चारही युगांत विद्यमान समजला जातो, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा संबंध श्रीचक्रपाणी प्रभूंचा. फलटण येथे जनकनायक व जनकाइसा यांच्या पोटी अवतरलेले श्रीचक्रपाणी प्रभू माहूरला आले, तेव्हा श्रीदत्तात्रेय प्रभूंनी व्याघ्रवेषाने त्यांच्या मस्तकी चवडा ठेवला व त्यांनी शक्तीचा स्वीकार केला, ही लीळा सर्वांस ठाऊक आहे. मेरवाळे तळ्याचा परिसर या लीळेशी जोडलेला आहे. तेथून श्रीचक्रपाणी प्रभू द्वारावतीस गेले, त्यांच्यापासून ऋद्धिपूरच्या श्रीगोविंदप्रभूंना आणि श्रीगोविंदप्रभूंपासून सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींना, असा क्रम पुढे चालला. या दृष्टीने पाहता फलटण, द्वारावती व ऋद्धिपूर यांना जोडणारा दुवा माहूरच्या डोंगरावर आहे.

लीळेतील व्याघ्रवेष आणि डोंगराचे स्वरूप यांचा मेळ लक्षणीय आहे. आजही माहूरभोवती सागाचे रान आहे, आणि पैनगंगेच्या दोन्ही अंगांचा काही भाग अभयारण्य म्हणून राखलेला आहे. वाघाचे दर्शन जेथे स्वाभाविक, तेथे प्रभूंनी तो वेष धारण केला. योगायोग असा की पुढे याच माहूरच्या एका वीर स्त्रीस रायबागन, म्हणजे राजव्याघ्री, हा किताब मिळाला. एक व्याघ्रवेष प्रभूंनी स्वेच्छेने घेतला आणि जीवोद्धाराच्या कार्यास लावला. दुसरी व्याघ्र-उपाधी बादशहाने दिली आणि ती रणातील शौर्याची खूण झाली. दोन्हींचे स्थळ एक, परंतु प्रयोजन अगदी भिन्न. वस्तू आणि स्थळ समान असूनही संबंधाने फळ वेगळे होते, या निरूपणास याहून जवळचा दृष्टांत सापडणे कठीण.

माहूर हे अनेकांच्या श्रद्धेचे क्षेत्र आहे. रेणुकादेवी, अत्री-अनसूया, परशुराम यांच्या कथा या शिखरांशी निगडित आहेत. सोनापीराचा दर्गाही येथे आहे. पंथीयांनी आपला जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हा विवेक मनात दृढ ठेवावा, आणि इतरांच्या श्रद्धेविषयी वाणीत सौम्यता ठेवावी. तत्त्वाची स्पष्टता आणि वाणीची कठोरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुर्गरक्षण आणि स्मृतिरक्षण

येथे मुख्य प्रश्न उपस्थित होतो. दुर्गाजवळ तट होता, शस्त्रागार होते, धान्य होते, फौज होती. तरी त्याच्या आरंभीच्या इतिहासाची आठवण राहिली नाही. स्थानाजवळ यांपैकी काहीच नव्हते. तरी कोणत्या ठिकाणी काय झाले याची आठवण शतकानुशतके चालत आली. असे का झाले?

दैवी कृपा हे उत्तर श्रद्धावंताच्या मनात प्रथम येईल, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या रीतीने हे घडले तीही समजून घेतली पाहिजे. पूर्वसूरींनी स्थानांची नोंद ठेवली. चौदाव्या शतकातील मुनिव्यास कोठींची स्थानपोथी याची साक्ष आहे. देऊळ कोणत्या दिशेस, दार कोणीकडे, आसन कोठे, अशा बारकाव्यांनी स्थाने निर्दिष्ट केलेली तिच्यात आढळतात. पोथी लिहून काम संपले नाही. भिक्षू अटन करीत राहिले, स्थानी जाऊन नमस्कार करीत राहिले, नव्यांना जुने दाखवीत राहिले. पोथी चुकली तर पाय ती दुरुस्त करीत, पाय चुकले तर पोथी वाट दाखवी.

ग्रंथांचेही असेच झाले. म्हाइंभटांनी परिश्रमाने सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, आणि ज्यांनी लीळा मुखोद्गत केल्या होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. या कार्यात हिराइसेचे नाव परंपरा आदराने घेते. हे आक्रमण देवगिरीसारखा बळकट दुर्ग अडवू शकला नाही. कातळ तासून केलेला कडा तेथे निरुपयोगी ठरला आणि एका साध्वीचे पाठांतर उपयोगी पडले. पुढे ग्रंथांच्या रक्षणासाठी सकळ लिपी योजली गेली; तिचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते. ज्यांनी माहूरच्या पर्वताचे वर्णन काव्यात केले, त्यांनीच ग्रंथांभोवती अक्षरांचा तट बांधला, हे स्मरणीय आहे.

सारांश, दुर्गाची आठवण अधिकारावर अवलंबून होती. अधिकारी बदलला की पूर्वीच्या अधिकाऱ्याचे नाव राखण्यात कोणाचे हित उरले नाही. स्थानाची आठवण सेवनावर अवलंबून होती. सेवन करणारा बदलला तरी सेव्य बदलले नाही. म्हणून आठवण खंडित झाली नाही.

अभ्यासकाचे व वासनिकांचे कर्तव्य

या विचारातून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, माहूरविषयी बोलताना इतिहास, परंपरा आणि पंथीय निर्देश यांची सरमिसळ करू नये. किल्ला अमुक सालच्या लढाईत अमुक राजाने घेतला, हा इतिहास. गोंडांनी तो बांधला, ही परंपरा. देवदेवेश्वरी प्रभूंचे शयनस्थान, हा पंथीय निर्देश. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे आहे. स्थानाचे महिमान वाढविण्यासाठी किल्ल्याचे वय वाढवून सांगण्याची गरज नाही. उद्या एखाद्या संशोधकाने किल्ल्याचा काळ अलीकडचा ठरविला, तर त्यामुळे स्थानाला तिळमात्र उणेपणा येत नाही. मात्र ज्याने स्थान किल्ल्याच्या आधारावर उभे केले असेल, त्याची श्रद्धा त्या दिवशी विनाकारण डळमळेल.

दुसरी, जीर्णोद्धाराच्या कामात जुनी खूण झाकली जाऊ नये. भक्तिभावाने फरशी बसविली जाते, ओटा मोठा केला जातो, भिंत पुढे सरकते, आणि एका पिढीनंतर मूळ स्थान नेमके कोठे याचा उलगडा होत नाही. जे परचक्राने झाले नाही, ते आपल्याच हातून होऊ शकते. म्हणून काम आरंभण्यापूर्वी दिशा, अंतर व मोजमाप लिहून ठेवावे, जाणत्या भिक्षूंची संमती घ्यावी, आणि ती नोंद एकाच ठिकाणी न ठेवता दोन-तीन ठिकाणी ठेवावी. स्थानपोथीकारांचे अनुकरण ते हेच.

तिसरी, दुर्गाकडेही तुच्छतेने पाहू नये. इंजाळा तलावाच्या पाळीवर उभे राहिले असता प्रपंचातही किती दूरदृष्टी लागते हे दिसते. पुढचा वेढा कधी पडेल हे ठाऊक नसताना आजच्या पावसाचे पाणी साठवून ठेवावे लागते. साधकाचे स्मरण तसेच आहे. नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण सुखाच्या दिवसांत साठविले, तरच अंतकाळच्या वेढ्यात ते कामास येते. वेढा पडल्यावर तळे खोदावयास निघालेला किल्लेदार जसा हरतो, तसाच तोही साधक हरतो.

माहूरची यात्रा करणाऱ्याने प्रथम देवदेवेश्वरी दंडवत घालावे, मेरवाळ्याच्या परिसरात श्रीचक्रपाणी प्रभूंच्या लीळेचे स्मरण करावे, आणि मग सवड असल्यास दुर्गावर जावे. तेथील पडक्या कोठारापाशी राजवंशांचा क्रम आठवावा. इतक्या राजांच्या ताब्यात गेलेला हा डोंगर अखेर कोणाचाच राहिला नाही, हे ध्यानी येताच स्थानाकडे परत येणारी वाट अधिक जवळची वाटू लागेल.

दंडवत प्रणाम.